गुडघ्याखालची गादी

२ मार्च

चिंगे,

सामान उघडशील तेव्हा सगळ्यात वर ही गादी सापडेल. हसू नकोस. ती बसायची नाही, गुडघ्याखाली घ्यायची आहे. बाटल्यांतून पाणी काढताना डेकवर तासन्तास गुडघे टेकून बसावं लागतं आणि ओलं लोखंड गुडघ्यांचं काय करतं ते माझ्याकडे बघ. मी जिना चढायला लागले की तुझा दादा वरून ओरडतो, "कोण कुरकुरतंय, दार की तू?" मेला स्वतः आरामखुर्चीतून उठताना चार देवांची नावं घेतो ते सोडून!

कापड नवं आहे, शिवण माझी, आणि आतला भराव चांगला घट्ट आहे. असला हल्ली बाजारात मिळत नाही.

तुझ्याबरोबर यावं असं फार वाटत होतं गं. पण दोन वर्षांपूर्वी ज्यांनी तो वायू खोल पाण्यात सोडला, त्यांना तो शोधणाऱ्या बोटीवर मज्जाव. आम्ही पडलो बाटलेले! आमच्या अंगाखांद्याला कणभर चिकटून राहिला असेल तर तुमचं सगळं पाणी खोटं बोलायला लागेल. तेव्हा तू आपली सोवळ्यात राहा. कोणाचे हातमोजे उसने घेऊ नकोस. आणि जेवत जा वेळेवर.

तुझी वहिनी

*

१९ मार्च

प्रिय वहिनी,

इथून दिवसातून एकदा साधी अक्षरं तेवढी जातात, फोटो नाही, काही नाही. म्हणून हे पत्र.

तुझी गादी बोटभर प्रसिद्ध झाली आहे! कॅप्टनने कौतुकाने दाबून बघितली. दुसऱ्या पाळीचा चष्मेवाला दर वेळी म्हणतो, "तुमच्या वहिनीला अजून एक नणंद हवी आहे का?" ती कोणी ढापू नये आणि भिजूही नये म्हणून मी ती माझ्या पेटीतच ठेवते, बाटल्यांतून पाणी काढायच्या नळ्या असतात तिच्यात, कुलूप लावून.

काल स्वयंपाकी विचारत होता, तुम्ही एवढं पाणी वर ओढता ते नक्की कशासाठी? मी म्हटलं, खोल समुद्रातलं पाणी इतकं हळू सरकतं की बघून कळत नाही. म्हणून आमच्या लोकांनी एक असा वायू तळाशी सोडला, की जो तिथे आपणहून असूच शकत नाही. वास नाही, रंग नाही, माशांना त्रास नाही. आता तो कुठे कुठे पोचला ते पाहायचं, म्हणजे पाणी कुठून कुठे गेलं, किती वर चढलं ते कळतं. तो म्हणाला, "म्हणजे डाळीत मीठ टाकून दोन वर्षांनी ते कुठल्या कोपऱ्यात गेलं ते चाखायचं." मी म्हटलं, आणि पातेलं समुद्राएवढं. त्याने माझ्या ताटात जरा जास्तच वाढलं, दया आली असावी.

दोन पाळ्या आहेत. प्रत्येक पाळीची पेटी वेगळी, नळ्या वेगळ्या. माझ्या पाळीला दोरखंडाच्या चाकावर एक तांडेल आहेत. कपाळावर आडवी खूण, बोलणं कमी. बाटल्यांचा तो केवढा जड पिंजरा, पण असा अलगद डेकवर ठेवतात की पाण्याच्या ग्लासाला धक्का लागणार नाही. मला "ताई" म्हणतात.

सर खूश आहेत. या सफरीनंतर कायमची जागा माझीच, असं सूचित करतात. देव करो.

तुझी चिंगी

*

२१ मार्च

चिंगे,

कपाळावर आडवी खूण? डावा खांदा जरा खाली? अगं, तो आमचाच तांडेल! वायू सोडला त्या सफरीत होता की. एकदा डेकवर पंपाचा सांगाडा सुटून माझ्या अंगावर आला, तेव्हा या माणसाने मला कमरेला धरून बाजूला ओढलं आणि स्वतःच्या कपाळावर तो घाव घेतला. तीच ती खूण. वर मलाच विचारतो, "बाई, लागलं नाही ना?"

नियम वायू सोडणाऱ्या पंपाच्या खोलीतल्या आम्हा लोकांना होता, डेकवरच्यांना कोणी विचारलंही नसेल. त्याने तर त्या खोलीत कधी पाय टाकला नाही. असला माणूस पाळीला मिळाला हे तुझं नशीब. माझा नमस्कार सांग, म्हणावं बाईंचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

तुझी वहिनी

*

२ एप्रिल

वहिनी, वहिनी, वहिनी!

सापडला! जिथे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं तिथे! समुद्राच्या तळाशी जी डोंगरांची रांग आहे ना, तिच्या खांद्यावर, तुम्ही सोडला त्याच्या कितीतरी वर. म्हणजे खोलातलं पाणी सगळे मानत होते त्यापेक्षा फार भराभर वर चढतंय. यंत्राच्या पडद्यावर रेघ उठली आणि मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा पाणी काढलं. पुन्हा तीच रेघ. सर पळत आले, त्यांनी चक्क टोपी उडवली आणि ती समुद्रात गेली.

किनाऱ्यावर कळवून झालं. सरांनी माझं नाव पहिलं लिहिलं आहे, स्वतःच्याही आधी.

रडू येतंय. गादीवर बसूनच लिहितेय.

चिंगी

*

३ एप्रिल

अगं बाई गं!

तुझ्या दादाने शेजारच्यांना, वरच्यांना आणि दूधवाल्याला सांगून टाकलं. "आमच्या चिंगीने समुद्र शोधला." मी म्हटलं समुद्र आधीपासून होता. ऐकतोय कोण! एकटाच हसत फिरतोय घरभर.

मी सोडलं आणि तू शोधलंस, घरातल्या घरात. छाती फुटायची वेळ आली आहे माझी.

तुझी वहिनी

*

११ एप्रिल

प्रिय वहिनी,

वाईट बातमी आहे. चष्मेवाल्याने दोन्ही पाळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. डोंगराच्या खांद्यावर वायू फक्त आमच्या पाळीत सापडतो. त्याच जागी त्यांनी पाणी काढलं तर काही नाही. म्हणजे तो समुद्रात नाही, आमच्या डेकवरूनच कुठून तरी पाण्यात शिरतोय.

सरांनी दोन दिवस सगळे आकडे स्वतः पुन्हा तपासले. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, आपल्यात मागच्या बोटीवरचं कोणी आहे का? मला तुझं पत्र आठवलं. मी सांगितलं.

तांडेल म्हणाले, हो, होतो. कोणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. लपवाछपवी नव्हती त्यांची, पण सरांचा पारा चढला. त्यांचे हातमोजे, बूट, कोट, सगळं बांधून मागच्या कोठीत टाकलं. पिंजऱ्याभोवती डेकवर एक पिवळी रेघ मारली आहे. तांडेलनी तिच्या अलीकडे यायचं नाही. चाक दुसराच कोणीतरी चालवतो, धाडकन आपटतो. जेवणाच्या खोलीतही लोक त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लागले आहेत. तसं सांगितलं नव्हतं कोणी.

मला वाईट वाटतं, पण काय करणार? काम असं नाजूक आहे. सर म्हणाले, तुझा यात काही दोष नाही, जागेची काळजी करू नकोस.

तुझी चिंगी

*

१२ एप्रिल

चिंगे,

मी कौतुकाने लिहिलं आणि तू त्याचा पुरावा केलास? मला विचारायचं तरी एकदा! तो माणूस पंपाच्या खोलीत कधी आला नव्हता हे मी त्याच पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य सरांना सांगितलंस का? की तेवढंच विसरलीस?

ज्याने माझ्यासाठी कपाळ फोडून घेतलं, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी! शोभतं का हे आपल्याला?

तुझी सगळी पत्रं मी आज पुन्हा वाचली.

ती गादी टाकून दे. जुनी झाली असेल.

वहिनी

*

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझा राग बरोबर आहे. ते वाक्य मी सरांना सांगितलं नव्हतं. नंतर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, तुझ्या वहिनीला काय माहीत कोण कुठे जात होतं.

तू म्हणालीस म्हणून गादी काढून टाकली. पेटी धुतली, नळ्याही नव्या घातल्या. तेव्हापासून आमच्या पाळीतही डोंगराच्या खांद्यावर वायू दिसत नाही. सर म्हणतात, तांडेल लांब झाले आणि वायू गेला, आता आणखी काय सिद्ध व्हायचं राहिलं?

उद्या रसद घेऊन बोट येईल. तांडेल तिच्यातून परत जातील. त्यांच्या कंत्राटदाराला सरांनी कळवलं आहे.

काम खूप आहे. तब्येत बरी आहे.

चिंगी

*

२६ एप्रिल

चिंगे,

काल तांडेल घरी आला होता.

मी म्हटलं, बसा. तो दारातच पायपुसण्यावर उभा राहिला. "नको बाई, कोट तोच आहे." मी ओढून आत आणला तर खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. म्हणाला, कंत्राटदार आता त्याला कुठल्याच संशोधनाच्या बोटीवर पाठवणार नाही. "तुम्ही तेव्हा होतात. मी त्या खोलीत गेलो नव्हतो, एवढं दोन ओळींत लिहून द्याल का?" तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. उलट म्हणाला, "ताईंचं मोठं काम माझ्यामुळे नासलं असेल तर वाईट झालं." स्वतःवरच संशय घ्यायला लागलाय तो!

आणि मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर यायचं धाडस होईना.

गादीतला भराव कशाचा होता ते तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. त्या सफरीत माझा तरंगता कोट, पाण्यात पडलं तर बुडू नये म्हणून घालतात तो, पंपाच्या खोलीतच टांगलेला असायचा. चेन तुटली म्हणून घरी आणला होता. वरचं कापड फाडून टाकलं, आतला फोम धुतला, कडक उन्हात वाळवला, दोन वर्षं कपाटात पडून होता. एवढा चांगला फोम फेकवेना. धुतलं की गेलं, असं मी मनाला पटवलं. मी! जिने त्या सफरीत सगळ्यांना बजावलं होतं की रबर आणि फोम वायू पिऊन बसतात, धुऊन जात नाही. दुसऱ्यासाठी नियम पाठ होता. आपल्या माणसासाठी गादी शिवताना तो आठवलाच नाही, किंवा आठवला आणि मी त्याला गप्प बसवलं. तू ती नळ्यांच्या पेटीत ठेवलीस आणि रबरी नळ्यांनी तो वायू तिच्यातून घेतला आणि तुमच्या पाण्याला दिला.

"गादी टाकून दे" लिहिलं तेव्हा मला कळून चुकलं होतं. तुझी जागा जाईल, माझं हसं होईल, हे आधी डोळ्यांसमोर आलं. त्याचं काय होईल हे सगळ्यात शेवटी आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मी त्याला दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. म्हटलं, उद्या या. खोटं बोलले गं मी, पुन्हा एकदा.

वहिनी

*

२८ एप्रिल

वहिनी,

तू एकटी नाहीस. मला माहीत होतं.

तू फाटका रुमालसुद्धा टाकत नाहीस, त्याच्या पिशव्या शिवतेस. आणि स्वतःच्या हातची गादी टाक म्हणतेस? मी तुझं पत्र वाचलं आणि गादी पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनच्या सुईने डब्यातली थोडी हवा काढून यंत्रात सोडली. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन कापली गेली. यंत्राला एवढा मोठा आकडा दाखवताच आला नाही.

मी काय केलं ऐक. डबा बंद करून माझ्या बॅगेत तळाशी लपवला. नळ्या बदलल्या, पेटी धुतली. आकडे खाली आले. आणि सर म्हणाले, तांडेल लांब गेल्यामुळे आले. मी सुधारणा केली आणि तीच त्यांच्यावर शेकली. मी तिथेच उभी होते, सरांच्या शेजारी. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? मी नुसती मान हलवली.

तांडेल रसदीच्या बोटीत उतरले त्या दिवशी मी डेकवर होते. त्यांनी दोरखंडाचं चाक फडक्याने पुसलं, स्वतःचं असल्यासारखं. मग पिवळ्या रेघेच्या पलीकडूनच म्हणाले, "येतो ताई. गुडघे सांभाळा." मी हात केला. वर हसलेसुद्धा मी!

मी स्वतःला सांगत होते की वहिनीचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसले. साफ खोटं. जागा हवी होती मला. आपल्याच घरातली वस्तू ओवळी, आणि आपण त्या माणसाला लांब उभं केलं. आरशात बघवत नाही.

तू मला रागव. खूप रागव.

चिंगी

*

२९ एप्रिल

चिंगे,

रागवायला मी कोण? माझी जीभ शाबूत आहे असं लिहिलं होतं ना, ती पण गेली.

आज तुझ्या दादाला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थट्टा केली नाही. चपला घातल्या आणि म्हणाला, चल.

तांडेलच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता, बायको होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडलेच. ती रडली नाही आणि तिने मला गप्पही केलं नाही. म्हणाली, "घरी आल्यापासून हे पोरांना जवळ घ्यायच्या आधी हात धुतात. साबणाने, कोपरापर्यंत. मी विचारलं का, तर म्हणतात, काय सांगावं, असेल काही चिकटलेलं." मग आत निघून गेली.

तो आला तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. एवढंच विचारलं, "ताईंची ती गादी?" मी हो म्हटलं. "मीच एकदा पावसातून उचलून पेटीत ठेवली होती," म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी त्याच्या कंत्राटदाराला माझ्या नावानिशी कळवलं आहे. तुझ्या सरांनाही आजच्याच डाकेने पाठवते आहे, फक्त माझ्यापुरतं. तुझं तू बघ. मी तुला काही सांगणार नाही. एवढंच की डबा अजून तुझ्या बॅगेत आहे.

वहिनी

*

१७ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र सरांच्या हातात पडायच्या आधी मी डबा घेऊन जेवणाच्या खोलीत गेले. सगळे जेवत होते. डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, सगळं, नळ्या बदलल्या तेही, मान हलवली तेही. वाटलं होतं की सांगितलं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. स्वयंपाक्याने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत घेऊन गेला. चष्मेवाला खाली बघत राहिला. त्यालाही ती रिकामी खुर्ची आठवली असावी.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, अहवालात "साहित्यातून दूषण" एवढं लिहू, खोलात नको जायला. मी म्हटलं, नाही, तांडेलवर आळ घेतला तो खोटा होता हे त्यात आलं पाहिजे, आणि माझं नाव पण. त्यांनी तसं लिहून घेतलं. जागेचं काय, तर म्हणाले, बघू. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला कळतो. डोंगराच्या खांद्यावरचा शोध तर गेलाच. दुसऱ्या पाळीचं पाणी तेवढं खरं. त्यात वायू आहे, पण जिथे असायला हवा तिथेच, खाली, सावकाश सरकत.

सरांनी स्वतः तांडेलना पत्र लिहून माफी मागितली आणि परत बोलावलं. मला वाटलं येणार नाहीत. काल रसदीच्या बोटीतून आले. सगळे डेकवर जमले होते, कॅप्टनने हात मिळवला. मी मागे उभी होते. काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं होतं. समोर आले तेव्हा एवढंच निघालं, "तांडेल, माझं चुकलं." ते म्हणाले, "झालं ताई ते." आणि मला बरं वाटलं, वहिनी. खरंच सांगते, वाटलं, संपलं.

आज सकाळी पहिला पिंजरा वर आला. त्यांनीच आणला, तसाच अलगद. पिवळी रेघ आम्ही परवाच खरवडून काढली होती, अंधुकशी राहिली आहे. एका बाटलीचं झाकण अडकलं, माझ्याने निघेना. मी हाक मारली, "तांडेल, जरा इकडे या ना."

ते आले. झपाझप आले आणि जिथे रेघ होती तिथे येऊन थांबले. मी म्हटलं, "या ना, रेघ नाही आता." त्यांनी खाली बघितलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, उलटे सुलटे करून.

"आलोच ताई," म्हणाले. "हात धुऊन येतो."

मी गुडघ्यांवर बसले होते, ओल्या लोखंडावर. तशीच बसून राहिले. नळ चालू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता.

चिंगी